शाळा शंभर टक्के जंतमुक्त

...आणि वर डॉक्टर मला म्हणतात कसे, "साहेब, कात्रण तुमचंच आहे!" अहो, माझंच आहे, नाही कोण म्हणतंय? तीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्यांना घाम फोडला, आणि शेवटी माझं तोंड बंद केलं कुणी? माझ्याच बातमीनं! चार कॉलम, फोटोसकट... 'शाळा शंभर टक्के जंतमुक्त'!

तुम्हाला सांगतो, फेब्रुवारीत बावधनहून गाडी काढून मीच गेलो होतो. मुठा खोऱ्यातली शाळा, पोरं रांगेत, हैबतराव गुरुजी जंताच्या गोळ्या वाटतायत. वाटून झाल्यावर ओरडले, "चावून खाल्ली का रे?" आणि साठ गळे एकदम, "व्हय गुर्जीऽऽ!" झाली बातमी! पुढाऱ्यांच्या घशात हात घालून उत्तर काढणारा मी, एका तरी पोराला 'आ कर' म्हणालो का? नाही!

ते "व्हय गुर्जीऽऽ" अजून ऐकू येतं हो. जेवताना. दाढी करताना. सिग्नलला उभा असताना...

जुलैत पुन्हा त्याच गावात गेलो, भातलावणीचे फोटो काढायला. चिखलात अनवाणी पोरं. आणि एका पडवीत कोण? गौतमी! चौथीतली, शेरडं राखणाऱ्या तुकाबाईची नात. माझ्या फोटोत पहिल्या रांगेत हसत होती. आता चेहरा कागदासारखा पांढरा, पापण्या सुजलेल्या, आणि नखानं भिंतीची माती खरवडून... खातेय! शेजारी तिचं करडू. गुबगुबीत, तुकतुकीत.

"काय गं, गोळी खाल्लीस ना?"

ती करडाकडं बघते. करडू माझ्याकडं बघतं.

"ह्याला दिली."

"अगं, का?"

"ह्याचं प्वाट फुगलं हुतं. आज्जी म्हनली जंत झाल्यात, मरंल. आन् गुर्जी म्हनले, ही जंताची गोळी हाय..."

"मग गुरुजींना व्हय का म्हणालीस?"

"समदी म्हनली म्हून!"

आतून तुकाबाई कडाडली, "जंताचं औशद शेरडामेंढरांचं असतंय, बाबा! मानसाला कुटं घालत्यात?" आता ह्या बाईला काय सांगू? चार कॉलम लिहिले, त्यात एवढं एकच लिहायचं राहिलं!

पोरीला गाडीवर घातलं आणि थेट सरकारी दवाखाना. डॉक्टर मान वर न करता, "त्या शाळेचं काम शंभर टक्के झालंय." आणि बोट भिंतीकडं. लॅमिनेट केलेलं कात्रण! खाली माझं नाव! मी ओरडलो, "कात्रण राहू द्या, पोरीची पापणी ओढून बघा!" ओढली. आत लाल म्हणून नाही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेपाच. शौच तपासलं, जंतांची अंडीच अंडी. चिखलातून अनवाणी पायात शिरतो म्हणे तो जंत, आतड्याला लटकतो आणि रक्त पितो. पाच महिने पीत होता. माझ्या बातमीच्या आडोशाला बसून!

पुण्याच्या इस्पितळात रक्त चढवलं. वाचली. गोळी माझ्यासमोर चावली, न सांगता 'आ' करून दाखवला. माझ्याच्यानं बघवेना हो.

परत सरकारी दवाखान्यात गेलो. "डॉक्टर, बाकीची एकोणसाठ तपासा."

"वर काय कळवू? तुमचीच बातमी..."

संपादकाकडं गेलो. "आपणच आपली बातमी खोडायची?" भांडलो, टेबल आपटलं. दुरुस्ती आली. आतल्या पानावर, दीड ओळ, शेअर बाजाराखाली. मुठा खोऱ्यात ती वाचतंय कोण?

मग स्वतःच गेलो शाळेत. उभा राहिलो पोरांसमोर, हात जोडले. "बाळांनो, खरं सांगा. गोळी सगळ्यांनी खाल्ली होती?"

"व्हय गुर्जीऽऽ!"

बाहेर आलो तर फाटकात गौतमीचं करडू. माझ्याकडंच बघत, निवांत रवंथ करतंय. म्हटलं, बघ बाबा, बघ... फेब्रुवारीतली गोळी खाल्ली असं मी खात्रीनं छापू शकेन, असा अख्ख्या शाळेत तू एकटाच!