शून्य-नव्वद

व्हर्ना : सत्याऐंशी साल होतं ते. फेब्रुवारीतला तिसरा शुक्रवार. अठ्ठ्याऐंशी नाही, अर्विद. अठ्ठ्याऐंशीत मी कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीची अध्यक्ष नव्हतेच.

अर्विद : बरं, सत्याऐंशी. आयली, लिही सत्याऐंशी. हिच्यापुढे कॅलेंडरसुद्धा माघार घेतं.

आयली : साल लिहून झालं, बाबा. नव्या विषयाच्या अर्जाची गाडी पुढच्या रकान्यावर अडलीय. ‘हा विषय पूर्वी शिकवला जात असल्यास तो कोणत्या कारणाने बंद करण्यात आला?’ हा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर अर्ज पुढे सोडत नाही.

व्हर्ना : आम्ही कार्बन लावून सहा प्रती काढायचो. सहावी प्रत कुणालाच वाचता यायची नाही, आणि विश्वस्तांकडे नेमकी तीच जायची.

आयली : आता पाच टप्पे आहेत, बाई. आधी मी, मग विभाग, मग डीन, मग अभ्यासक्रम समिती, मग विश्वस्त. समितीची बैठक परवा गुरुवारी. अर्ज आज पाचच्या आत गेला तर त्यात येईल, नाहीतर पुढचं सगळं वर्ष गेलं. अकरा माणसं माझ्याकडे नाव देऊन बसलीत.

अर्विद : अकरा. माझ्याकडे कधी नवाच्या वर गेली नाहीत.

आयली : चार लाकडाच्या गिरणीतली आहेत. एक आजी आहे, नातवाला गोष्ट वाचून दाखवायचीय म्हणते. नाव मी तुमचंच ठेवलंय, बाबा. ‘वाचन, पहिल्यापासून’.

अर्विद : मग कारण लिही. ‘शिकवणारा बेसावध होता.’

आयली : असं कसं लिहू?

अर्विद : खोटं काय त्यात? स्वतःच्या विषयाला मूठमाती द्यायला स्वतःच हात वर करणारा मास्तर आख्ख्या मिनेसोटात दुसरा सापडायचा नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला स्टीव्ह अजून विचारतो, अर्विद, आज कशाच्या बाजूने मत देतोयस, ऑम्लेटच्या की उपाशी राहायच्या?

आयली : बत्तीस वर्षं तोच विनोद करतोय तो. पण मला हे कधी नीट कळलंच नाही. तुम्ही समितीत होतात, विषय तुमचा होता, आणि तुम्हाला कळलं नाही? असं होतं कसं?

अर्विद : बिनचर्चेच्या यादीमुळे. हिला विचार, यादी हिचीच असायची.

व्हर्ना : पुस्तक बदललं, तास बदलले, एखादा विषय बंद करायचा झाला, असले किरकोळ बदल एका यादीत घालायचे. तीस-चाळीस बाबी. अध्यक्षांनी यादी वाचायची, सगळ्यांनी एकदाच हात वर करायचा, झालं. कुणाला शंका असली तर एवढंच म्हणायचं, ‘ही बाब वेगळी काढा.’ कारण द्यावं लागायचं नाही. मग त्या एका बाबीवर चर्चा.

आयली : आम्ही अजून तसंच करतो.

व्हर्ना : आम्ही विषयांची नावं वाचायचो नाही. नुसते आकडे. नावं वाचली की बैठक लांबते. ती पद्धत मीच पाडली होती.

अर्विद : आणि आदल्याच वर्षी सगळ्या विषयांचे क्रमांक बदलले होते. माझा बाराचा झाला शून्य-नव्वद. माझ्या डोक्यात आपला बाराच. त्यात शंभराच्या आतले विषय पदवीला धरायचे नाहीत, म्हणून होल्कम डीनच्या डोळ्यांत ते खुपायचे. व्हर्नाने वाचलं, शून्य-नव्वद, आणि मी खिडकीबाहेर बघत हात वर केला. यादी हातात होती माझ्या. उलटून पाहिली असती तर नाव छापलेलं होतं.

आयली : पण तुम्ही तर म्हणे दर वेळी यादीतून काहीतरी वेगळं काढायला लावायचात.

व्हर्ना : दर वेळी. एकदा सात काढले होते. हा असला की लोक रात्रीच्या जेवणाचे डबे घेऊन बैठकीला यायचे.

अर्विद : सातातले चार खरंच चुकीचे निघाले, तेही सांग.

व्हर्ना : पाच.

आयली : मग त्याच दिवशी का नाही?

अर्विद : त्या दिवशी नव्हतो बघत, एवढंच. माणूस एखादा दिवस बघत नाही. लिही ना गं, तीन शब्द आहेत. पाव घे, व्हर्ना. वेलदोडा जरा जास्त झालाय, आयलीने केलाय.

व्हर्ना : नको. आयली, ते लिहू नकोस.

आयली : काही लिहिलेलं नाही अजून.

व्हर्ना : अर्विद, त्या दिवशी सकाळी जिन्यापाशी मी तुला काय म्हटलं होतं, आठवतं?

अर्विद : म्हणालीस, आज काही वेगळं काढू नकोस. रस्त्यावर बर्फ धरायला लागलाय, लोकांना लांब जायचंय. एवढं माझ्यासाठी कर.

आयली : बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

अर्विद : त्यात बोलायचं काय? तिने काढू नको म्हटलं होतं, वाचू नको नव्हतं म्हटलं.

व्हर्ना : रस्ते कोरडे होते.

अर्विद : हो. पाच वाजता निघालो तेव्हा दिसलं. मला वाटलं लेनला बरं नसेल. नवऱ्यासाठी लवकर घरी जायचंय हे चारचौघांत सांगायला तुला जड जात असेल, म्हणून बर्फाचं नाव घेतलंस.

व्हर्ना : लेनला तेव्हा काही झालं नव्हतं. तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरत बसला होता. अर्विद, यादी मी आदल्या दिवशी टाइप केली. शून्य-नव्वद मी स्वतः टाइप केलं.

अर्विद : टाइप तर तूच करायचीस.

व्हर्ना : ते काय आहे ते मला माहीत होतं. होल्कमने मला बोलावून सांगितलं होतं, तुमच्या कार्यालयीन कामाच्या वर्गाला बारा कॉम्प्युटर येताहेत, पण ठेवायला खोली नाही. तळमजल्यावरची एक खोली मोकळी झाली तर बघू. नाव कुणाचं घेतलं नाही त्याने. मलाही विचारावं लागलं नाही.

आयली : चौदा नंबरची खोली. बाबांचा वर्ग भरायचा ती.

व्हर्ना : तू त्याच खोलीत शिकलीस.

आयली : हो. सप्टेंबरात, पहिल्याच आठवड्यात.

व्हर्ना : यादी वाचताना मी मध्ये थांबले. शून्य-नव्वद म्हटलं आणि पाणी प्यायले. वाटलं, याने वर बघितलं तर सांगून टाकीन. तू बघितलं नाहीस. मीच तुला बघू नको म्हटलं होतं. मग मी पुढचा आकडा वाचला.

अर्विद : हं.

व्हर्ना : त्यानंतर दोन आठवडे होते. विश्वस्तांपुढे जाईपर्यंत कुणालाही बाब परत चर्चेला आणता येते. ते दोन्ही आठवडे आपण रोज एका टेबलावर जेवलो. तू मला हिच्या वेणीबद्दल सांगायचास. हिने केस कापले म्हणून तुझी बायको रुसली होती.

आयली : बाबा, कॉफी देऊ?

अर्विद : आहे. आयली, ल्युबो ब्राटुलिच आठवतो तुला?

आयली : आठवतो. बाईंना आठवतो का, माहीत नाही.

व्हर्ना : कोण?

अर्विद : खाणीत मोठं यंत्र चालवायचा. ब्याऐंशीत खाण बंद झाली तेव्हा घरी बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. वाचता येत नाही हे बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्याच्या मागे होतो. शेवटी त्या उन्हाळ्यात दुकानात मला बाजूला घेऊन म्हणाला, येतो सप्टेंबरात, पण मागच्या बाकावर बसणार. मी म्हटलं, खुशाल छतावर बस. आणि ऑगस्टच्या शेवटी छापील माहितीपुस्तक आलं, त्यात माझा विषयच नाही. त्याला सांगायला घरी गेलो तर तो भावाकडे गवत कापायला गेलेला. निरोप ठेवला शेजारणीकडे, तो काही पोचला नाही.

आयली : तो आला होता, बाई. चौदा नंबरच्या दारात. धुतलेला शर्ट, काखेत वही. आम्ही सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली टाइप करत होतो.

व्हर्ना : नाही आठवत मला.

आयली : दारावर नोटीस चिकटवलेली होती, वाचनाचा विषय बंद झाला आहे म्हणून. तिच्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला आणि मग आत आला. तुम्ही म्हणालात, खोली चुकली तुमची, दारावर लिहिलंय सगळं, वाचलं नाहीत का? एक मुलगी हसली. मी नाही हसले, पण मी उठलेही नाही. मला माहीत होतं तो कोण ते.

व्हर्ना : मी असं म्हणाले?

आयली : रागाने नाही. तुम्ही सगळ्यांशी तसंच बोलायचात.

व्हर्ना : पुढे काय झालं त्याचं?

अर्विद : वायोमिंगला कोळशाच्या खाणीत गेला, एकटाच. नऊ वर्षं. बायको, अंका, इथेच राहिली, मुलींच्या शाळेसाठी. तिने त्याला कधी पत्र लिहिलं नाही. म्हणायची, परक्याकडून वाचून घ्यायचं तर त्यात लिहू काय? रविवारी फोन, तोही लोकांच्या रांगेत उभं राहून. परत आल्यावर मी म्हटलं, आता घरी येऊन शिकवतो तुला. म्हणाला, एकदा आलो होतो मी.

व्हर्ना : आहे का तो?

अर्विद : आठ वर्षं झाली जाऊन. मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्या खिडकीबाहेर बघण्याने गेला तो वायोमिंगला.

व्हर्ना : म्हणून तर सांगितलं. तू ‘बेसावध’ म्हणालास आणि ही ते खरंच लिहील असं वाटलं मला.

अर्विद : एवढी वर्षं मंगळवारी कॉफीला येतेस माझ्याकडे.

व्हर्ना : लेन गेल्यापासून. चौदा वर्षं.

अर्विद : दर मंगळवारी.

व्हर्ना : दर मंगळवारी सांगायचं ठरवून निघायचे. मग तू विचारायचास, पाव गरम करू का?

आयली : बाई, मी रकान्यात दुसरं काहीतरी लिहिते. ‘त्या वेळची मागणी’ वगैरे. सगळे तसंच लिहितात.

व्हर्ना : नाही. लिही : ‘अध्यक्षांना माहीत होतं. त्या बोलल्या नाहीत.’ किती अक्षरं मावतात?

आयली : दोनशे.

व्हर्ना : मग माझं नावही मावेल. आणि गुरुवारी मी येणार आहे. बाहेरच्या माणसाला बसू देतात ना?

आयली : बसू देतात. हात वर केला तर तीन मिनिटं बोलूही देतात.

अर्विद : व्हर्ना, पुढच्या मंगळवारी येऊ नकोस.

व्हर्ना : बरं.

अर्विद : त्याच्या पुढच्याचं मी कळवीन.

(सप्टेंबर. व्हर्नाच्या घरामागची पायरी.)

आयली : पहिला तास काल झाला, बाई. अकरातले नऊ आले. आजी पहिल्या बाकावर. चष्मा विसरली होती, शेजाऱ्याचा लावला.

व्हर्ना : कुठली खोली?

आयली : वरच्या मजल्यावरची. चौदात आता झाडूवाल्यांचं सामान असतं.

व्हर्ना : माझा वर्ग शहाण्णव साली बंद झाला, तोही असाच. यादीत अठरावा होता. मी स्वतःहून म्हटलं, वेगळा काढा. पाच मिनिटं चर्चा झाली आणि मग बंद केला. होल्कम तोवर ॲरिझोनात जाऊन गोल्फ खेळत होता. तिकडेच वारला. सत्याऐंशीच्या त्या बैठकीतली, आम्हा दोघांखेरीज, ग्रंथालयाची हिल्मा तेवढी उरलीय. चौऱ्याण्णव वर्षांची. मला धाकटी बहीण समजते. मी होकार देते.

आयली : त्या गुरुवारचं वाईट वाटतं मला. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

व्हर्ना : काय सांगणार होतीस? मी कागदावर लिहून आणलं होतं सगळं. तीन मिनिटांत बसेल असं, घरी घड्याळ लावून वाचून बघितलेलं. चष्मा काढेपर्यंत कुणीतरी म्हणालं, बिनचर्चेची यादी, बाबी एक ते त्रेचाळीस, आणि सगळ्यांनी हात वर केले. आकडेसुद्धा वाचले नाहीत.

आयली : पडद्यावर दिसतात ना, म्हणून वाचत नाहीत. मंजूर तर झाला, बाई.

व्हर्ना : झाला. तेच हवं होतं. मला वाटलं होतं, तो रकाना तरी कुणी वाचेल. विचारेल, ही बाई कोण.

आयली : त्या रकान्यात काहीतरी असलं की झालं. एकाने नुसतं टिंब दिलं होतं, तोही विषय मंजूर झाला.

व्हर्ना : अंकाला कळवलंस?

आयली : कळवलं. बरं झालं म्हणाल्या. मुलीकडे असतात आता, जास्त बोलल्या नाहीत.

व्हर्ना : आणि डुलुथला अर्विदचं सगळं ठीक?

आयली : बाबांना दादाचं घर आवडलं. खिडकीतून तळं दिसतं, बोटी मोजतात दिवसभर. इथलं घर जूनमध्ये विकलं. तुम्ही फोन करता ना त्यांना?

व्हर्ना : दर मंगळवारी. उचलतो तो. वारा कसा आहे, गुडघा कसा आहे, कुठली बोट आली, सगळं सांगतो.

आयली : ते सोडून काही?

व्हर्ना : मागच्या महिन्यात मी एकदा विषय काढला. तो म्हणाला, व्हर्ना, तुझी कॉफी निवत असेल.

आयली : मग?

व्हर्ना : त्या दिवशी मी कॉफी केलेलीच नव्हती. हो म्हटलं आणि फोन ठेवला.