गालगुंडाचं पदक

भीमा : वैनी, तुमी वाईच आत जावा. मला धोतर सोडायचंय.

अक्कम्मा : अय्यो शिवा! भावजी, मोहोळकडून पहिल्या एसटीनं आलात ते माझ्या बैठकीत धोतर सोडायला? चहा तरी घ्या आधी.

भीमा : च्या नगं. आदी पुरावा. तुमच्या ह्या नवऱ्याला दावायचाय.

तिप्पण्णा : मला कशाला दाखवतोस? मला पाठ आहे की तुझा पुरावा. डाव्या कुल्ल्यावर, चिंचोक्याएवढा वण.

अक्कम्मा : तुम्हाला हो कसं पाठ?

तिप्पण्णा : एका पलटणीत होतो. एका टाकीवर अंघोळी. तिथं काय पडदा लावून देतात होय?

भीमा : मंग सांग वैनीला, कशाचा वण हाय त्यो.

तिप्पण्णा : तोफगोळ्याची कपची. एकाहत्तरची लढाई, राजस्थानची वाळू. मी शेजारीच होतो. गोळा आला तसे सगळे सपाट झोपले, आणि हा शहाणा तेवढा बूड वर करून पडला.

भीमा : वाळू डोळ्यात जात हुती म्हून!

अक्कम्मा : दोघांचं म्हणणं एकच आहे की. मग भांडण कशाचं?

भीमा : भांडान सरकारी कागदाचं हाय. घ्या. तुमी बालवाडीच्या बाई हुता, मोठ्यांदी वाचा. इंग्रजी सोडा, खाली हेडमास्तरनं मराठीत करून दिलंय.

अक्कम्मा : "शिपाई भीमा यांस सदर काळात इस्पितळात दाखल केल्याची नोंद सापडली. दाखल करण्याचे कारण, गालगुंड. सबब जखमेच्या पदकाची मागणी मान्य करता येत नाही." गालगुंड? भावजी, तिथं?

भीमा : हसा. समदं गाव हसतंय, तुमी कशाला मागं ऱ्हाताय. पंधरा ऑगस्टला शाळेचा झेंडा माज्या हातनं ठरला हुता. हेडमास्तर म्हणला, काका, पत्रिकेवर 'युद्धात जखमी झालेले जवान' असं छापतो, तेवढा कागद मागवा. मागवला. आन त्यानंच त्यो ग्रामपंचायतीत उभा ऱ्हाऊन वाचला. तवापास्नं पोरं मला बघितलं की गाल फुगवत्यात. काल पिठाच्या गिरणीत गेलो, तर गिरणीवाल्यानंबी फुगवलं.

तिप्पण्णा : गिरणीवाल्याचे मुळातच तसे असतील.

भीमा : तू गप ऱ्हा. तुजी पाळी पुढं हाय. हेडमास्तर आता म्हणतोय, काका, यंदा ऱ्हाऊ द्या, पुढल्या साली बघू. पुढल्या साली मी असंन का नसंन, कुणी बघितलंय? मला मरायच्या आदी ह्या गालगुंडातनं मोकळं व्हायचंय. माज्या माघारी गावात नाव ऱ्हाणार त्ये काय? गालफुग्या भीमा?

अक्कम्मा : नाही हो भावजी. रडू नका. हे नीट करायला पाहिजे. पण यांची पाळी कसली?

भीमा : ह्यो फोटू बघा. तुमच्या अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातला.

अक्कम्मा : हा तर सव्वीस जानेवारीचा. हे तिथं वॉचमन होते ना, अजून मालक झेंड्याला बोलावतात यांना. छान आलाय की. मिशा किती कडक दिसतात.

भीमा : मिशा ऱ्हाऊ द्या. छातीकडं बघा. ती तीन मेडलं. हेडमास्तरनं मोबाईलवर मोठं करून दावलं मला. म्हणला, काका, त्यातलं कडंचं जखमेचं मेडल हाय, तुमी मागताय नेमकं त्येच. तिप्पण्णा, तुला कवा रं जखम झाली?

तिप्पण्णा : मला? कधीच नाही. आणि ते जखमेचं कुठं आहे? ते दवाखान्याचं मेडल आहे.

भीमा : कशाचं?

तिप्पण्णा : दवाखान्याचं. ॲडमिट झालं की देतात ते.

भीमा : तुला कुणी सांगितलं?

तिप्पण्णा : कुणी कशाला सांगायला पाहिजे? लढाई झाली, एक आलं. सीमेवर राहिलो, एक आलं. दवाखान्यात राहिलो, एक आलं. सरळ हिशेब आहे की.

भीमा : आरं मंग मीबी हुतो की दवाखान्यात! तुज्या समोरच्या पलंगावर! मला का न्हाय आलं?

तिप्पण्णा : मला वाटलं तू हरवलंस. तू काय रे, चालता चालता पायातला बूट हरवणारा माणूस.

अक्कम्मा : थांबा. दोघंही थांबा. अहो, तुम्ही दवाखान्यात कशासाठी होता?

तिप्पण्णा : ते जुनं आहे गं.

अक्कम्मा : पूर्ण वाक्यात सांगा.

तिप्पण्णा : मला गालगुंड झालं होतं.

अक्कम्मा : अय्यो! अय्यो देवा! अहो, तुम्ही मला बघायला अक्कलकोटला आलात ते ही तीन पदकं लावून आलात. आमचे अप्पा आत येऊन म्हणाले, अक्कम्मा, दुसरं स्थळ बघायचं नाही, पोरगा जखम सोसून कसा ताठ बसलाय बघ!

तिप्पण्णा : ताठ बसलो कारण वर्दीला खळ लई झाली होती. वाकलो असतो तर मोडली असती.

अक्कम्मा : लग्न झाल्यावर मी जखम शोधली.

भीमा : वैनी!

अक्कम्मा : नवऱ्याची शोधली, शेजाऱ्याची नाही. पाठ बघितली, पाय बघितले, कुठंच काही नाही. विचारलं तर हे म्हणाले, बरं झालं, आता काही राहिलं नाही.

तिप्पण्णा : खरंच बरं झालं होतं की. गाल उतरले होते.

अक्कम्मा : आणि मी खुळी! एवढी जखम आणि वणसुद्धा नाही, ही स्वामींचीच कृपा म्हणून दर वर्षी अक्कलकोटला मठात नैवेद्य नेते. पुरणपोळीचा!

भीमा : गालगुंडाला पुरणपोळी! तिप्पण्णा, आरं, मला धर. हसून हसून कपची हलायला लागली.

अक्कम्मा : हसू नका भावजी. गल्लीतल्या बायकांना मी हा चमत्कार म्हणून सांगितलाय. आमची ईरम्मा तर त्यावर नवस बोलली, गुडघ्यासाठी.

तिप्पण्णा : मग? गुडघ्याचं काय झालं?

अक्कम्मा : चालते की आता जिना चढून.

तिप्पण्णा : मग राहू दे. तिला काही सांगू नको.

भीमा : ईरम्माचा गुडगा ऱ्हाऊ द्या. माजं बोला. ह्याचं गालगुंड माज्या नावावर, माजी कपची ह्याच्या नावावर. म्हंजी बघा वैनी, इतकी वर्सं ह्याच्या छातीवर माजा कुल्ला लटकतोय!

अक्कम्मा : भावजी, तोंड सांभाळा. समोर देव्हारा आहे.

भीमा : देवालाबी कळू द्या. त्यो कारकून काय पिऊन बसला हुता काय?

तिप्पण्णा : कारकुनाला शिव्या देऊ नको, भीमा. मला आठवतंय. चूक आपलीच आहे. आपण पलंग बदलले होते.

भीमा : आं? पलंग?

तिप्पण्णा : दोन रांगा होत्या बघ, समोरासमोर. तुझ्या रांगेची डोकी दक्षिणेला, माझ्या रांगेची उत्तरेला. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, असं आईनं, आमच्या अव्वानं, मला लहानपणापासून शिकवलेलं. मी रात्रभर बसून होतो.

भीमा : व्हय की! आरं व्हय की! तू बसलेला, तोंड ह्ये एवढं सुजलेलं, कंदिलाच्या उजेडात गणपतीच दिसत हुतास! पर तिप्पण्णा, तुमच्या लिंगायतात तर मेल्यावर माणसाला बसवून पुरत्यात. तुला कशाला रं उत्तर आन दक्षिण?

तिप्पण्णा : मेल्यावर बसायचंय म्हणून जित्तेपणी कसंही झोपायचं काय?

अक्कम्मा : पलंग बदलला म्हणून कागद कसा बदलला? मला नीट सांगा.

तिप्पण्णा : प्रत्येक पलंगाच्या पायाशी रोगाची पाटी लटकवलेली. आम्ही गेलो इकडून तिकडं, पाट्या राहिल्या जिथल्या तिथं. सकाळी कारकून आला, रांगेनं नावं विचारली आणि समोरच्या पाटीवरचं उतरवून निघून गेला. मागोमाग डॉक्टर. माझ्या पाटीवर बघतात तर कपची. म्हणाले, पालथा हो. मी म्हटलं, साहेब, माझे गाल. ते म्हणाले, पालथा हो. मी दोन्ही हातांनी गाल दाखवतोय आणि दोन शिपाई मला धरून उलटा करतायत!

भीमा : आन हिकडं सिस्टर माजं गाल शेकतीया! गरम पाण्याची पिशवी घिऊन. मी म्हणलं, ह्यो काय तरी नवीन विलाज निघाला आसंल. खरं सांगू का, लई बरं वाटलं.

अक्कम्मा : तुम्ही बोलला नाहीत काही?

भीमा : बरं वाटत असताना कोण बोलतंय?

तिप्पण्णा : दुपारी डॉक्टरांच्या लक्षात आलं, पण तोवर कारकुनाची वही पुढं गेली होती. दोघांना असल्या शिव्या दिल्या! मग माझ्या आधीच्या पलंगावरची उशी उचलली, पायाकडच्या बाजूला टाकली आणि म्हणाले, गाढवांनो, एवढं केलं असतं तर?

अक्कम्मा : म्हणजे नुसती उशी फिरवायची होती?

तिप्पण्णा : हो.

अक्कम्मा : आणि तुम्ही दोघांनी पलंग बदलले.

भीमा : ह्यो तापात, मी पालथा. अक्कल कुणाकडं हुती वैनी? आन पुढचं ऐका. ईस-पंचवीस दिवसांनी माजे गाल फुगले. ह्याच्याकडनंच लागलं मला. तवा मी परत खंदकात हुतो, दवाखान्यात कुणी न्हेलंबी न्हाय.

अक्कम्मा : म्हणजे कागद अगदीच खोटा नाही!

भीमा : वैनी, तुमी कुणाच्या बाजूनं हाय?

(अक्कम्मा आत जाऊन येते. तिच्या हातात कागद, पेन आणि मखमली डबी आहे.)

अक्कम्मा : या पत्रात शेवटी लिहिलंय, त्या वेळच्या सोबत्याचा जबाब जोडला तर नोंद पुन्हा तपासता येईल. सोबती समोर बसलाय. पण अहो, एक सांगा. नोंद दुरुस्त झाली तर हे पदक परत द्यावं लागेल. कडेला तुमचं नाव कोरलंय.

तिप्पण्णा : द्यायचं.

अक्कम्मा : कारखान्यातले लोक विचारतील.

तिप्पण्णा : विचारू देत. वाईट वाटतंय, नाही असं नाही. इतकी वर्षं सव्वीस जानेवारीला ते पुसून लावलंय. लावलं की मलाच मी बरा वाटायचो. पण याचं आहे ते, अक्कम्मा. याचं रक्त सांडलं. माझे नुसते गाल सुजले.

भीमा : तसं नगं बोलू लेका. मला तुजं काय काढून न्यायचं न्हाय. गावानं हसायचं थांबावं, एवढंच हाय माजं.

तिप्पण्णा : मग मी येतो तुझ्या गावाला. पंधरा ऑगस्टला. माइक घेतो आणि सगळ्या पोरांसमोर सांगतो, गालगुंड माझं होतं.

भीमा : तुला हसतील की रं!

तिप्पण्णा : हसू देत. दवाखान्याचं मेडल म्हणून मिरवलंय मी, हसण्यासारखंच आहे. तुझा हेडमास्तर नाही म्हणाला तर त्याचा पण माइक काढून घेतो.

अक्कम्मा : मीही येते. हे माइकवर अडखळतात. आणि त्या गिरणीवाल्याला मला बघायचंय.

भीमा : या वैनी, या. हुरडा न्हाय आता, पर कडक भाकरी आन शेंगाची चटणी खाऊ घालतो. माजी बायकू मथुरा आज असती तर... ती म्हणायची बघा, गावानं न्हाय मानलं तरी मी मानतीया, रोज बघतीया न्हवं.

अक्कम्मा : पुरे. आता दोघांनी जबाब सांगा, मी लिहिते. "मी तिप्पण्णा, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की मला कोणतीही जखम झालेली नव्हती. मला गालगुंड झाले होते." बरोबर?

तिप्पण्णा : 'साधं गालगुंड' असं लिही. उगाच मोठं वाटायला नको.

अक्कम्मा : "साधे गालगुंड. शिपाई भीमा यांस डाव्या..." भावजी, इथं काय लिहू?

भीमा : मांडी लिवा. हेडमास्तर वाचणार हाय.

अक्कम्मा : खरं तेच लिहिणार. "...डाव्या कुल्ल्यावर कपची लागली होती. त्या रात्री आम्ही पलंगांची अदलाबदल केली." का केली, तेही लिहावं लागेल.

तिप्पण्णा : लिही, माझं डोकं उत्तरेला होतं. ताप लई चढला होता. मला वाटलं आजच्या रात्री मी जाणार. अव्वाला हाका मारत होतो. तेवढ्यात हा उठला, लंगडत आला आणि काही न बोलता मला धरून त्याच्या पलंगावर नेऊन निजवलं. भीमा, तेव्हा विचारलं नाही मी. तुला रे? तुला काही वाटत नव्हतं उत्तरेचं?

भीमा : मी पालथा हुतो. मला कसली दिशा?

तिप्पण्णा : खरं सांग. प्रतिज्ञेवर चाललंय.

भीमा : ...वाटत हुतं की. माज्याबी आईनं त्येच शिकवलं हुतं. रातभर डोळं मिटलं न्हाईत.

अक्कम्मा : मग भावजी, उठून परत बदलायचा की पलंग!

भीमा : ह्यो झोपला हुता न्हवं, वैनी.