कात्रीपुरती जागा

व्हर्डेल: टेबलासकट?

होझेया: टेबलासकट. हळू बोल ताई, पलीकडच्या खोलीत सगळे जेवायला बसलेत.

व्हर्डेल: एवढं धूड टेबल, ज्याच्यावर आपल्या चर्चची अख्खी गायक मंडळी जेवतील, ते तू ओढत नेलंस?

होझेया: मी कशाला ओढू? आमच्या दिग्दर्शकाने, आर्नीसाहेबांनी, माझा बूट टेबलाच्या पायाला बांधला होता, मी हलू नये म्हणून. दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला, मी माझं भाषण म्हणत राहिलो. टेबल आपलं मागून आलं. आर्नीसाहेबांच्या मामांच्या मांडीवर ॲश-ट्रे पालथा झाला.

व्हर्डेल: मामा कुठून आले मध्येच?

होझेया: नट घ्यायला पैसे नाहीत. सिनेमात माझ्या टेबलाशी जे नऊ गोरे साहेब बसतात ना, त्यांत एक आर्नीसाहेबांचे मामा, एक त्यांचा दाताचा डॉक्टर, बाकीचे मित्र आणि मित्रांचे सासरे.

व्हर्डेल: बाबा रे. तिकडे माणसं चंद्रावर निघाली आणि इकडे माझ्या भावाला खुर्चीत बसता येईना. खुर्चीला चिकटलेले पुष्कळ पाहिले मी, खुर्चीतून पळणारा तूच पहिला. हे सँडविच खा आधी. मासा गार झाला की चिवट होतो. आणि मला पहिल्यापासून सांग. चर्चमध्ये मी दहा जणींना सांगून बसलेय की होझेया सिनेमात साहेब झाला. मॅडिसन अव्हेन्यूवरच्या जाहिरात कंपनीचा साहेब.

होझेया: झालोय ना. खोटं नाही सांगितलंस. सिनेमा जाहिरातवाल्यांची टिंगल करणारा आहे. त्या कंपनीला जगाला दाखवायचं असतं की आमच्याकडे काळी माणसंसुद्धा आहेत. म्हणून टपाल वाटणाऱ्याला एका फोटोपुरतं चेअरमनच्या खुर्चीत बसवतात. तो फोटो पाहून गिऱ्हाइकं इतकी खूश होतात, इतकी खूश होतात, की मग त्याला उठवायची सोयच राहत नाही. तो टपालवाला मी.

व्हर्डेल: छान आहे की गोष्ट. मग अडलं कुठे?

होझेया: मधे बसण्यात. चेअरमन टेबलाच्या मधोमध हवा. दिवा लागला की मी उजवीकडे सरकायला लागतो. मला कळतसुद्धा नाही ताई, देवाशपथ. चाकांची खुर्ची होती, ती बिचारी आवाज न करता मला कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर घेऊन गेली. मग बिनचाकांची आणली, तर मी कलत कलत अर्धा बाहेर. जमिनीवर खडूने फुली मारली, तर फुली राहिली जागच्या जागी आणि मी गेलो. मग ती दोरी.

व्हर्डेल: आणि तो आर्नी काय म्हणाला?

होझेया: ओरडला नाही, चांगला मुलगा आहे. मला कोपऱ्यात नेऊन त्याने समजावलं की काळ्या माणसाची आतून कशी घुसमट होते. बराच वेळ समजावलं. अभ्यास केलेला दिसला. मी म्हटलं, हो का.

व्हर्डेल: हसू नकोस. पुढे काय ठरलं?

होझेया: जेवणानंतर एकदाच घेणार. फिल्मचा शेवटचा डबा उरलाय. शिवाय ही कोणाची तरी खरी कचेरी आहे, रविवार म्हणून मिळाली, चारला पहारेकरी बाहेर काढणार. या वेळीही मी सरकलो तर माझ्या जागी दुसरा नट बसेल, व्हर्नन. खाली दारात उभा आहे, तयार होऊन. तरुण आहे, देखणा आहे, आणि कुठेही बसतो.

व्हर्डेल: व्हर्नन बसला तर आईला काय सांगू मी?

होझेया: आईला कशाला मध्ये आणतेस?

व्हर्डेल: मी नाही आणत, ती आहेच मध्ये. तिच्या बायबलमध्ये काय ठेवलंय ते विसरलास?

होझेया: ताई.

व्हर्डेल: कोपर ठेवलाय. तुझा उजवा की डावा ते मला आठवत नाही.

होझेया: उजवा. आणि तो विषय नको. आर्नीसाहेब येताहेत.

आर्नी: मिस्टर पेटवे, म्हणजे बघा, मी विचार केला. आपण दिवेच लावू नये असं वाटतंय. अंधारात. चेअरमन अंधारात, एक प्रतीक म्हणून… माफ करा, मी पाहिलं नाही, या तुमच्या…

होझेया: माझी मोठी बहीण, साहेब. मिस व्हर्डेल.

आर्नी: साहेब नका हो म्हणू मला. हजार वेळा सांगितलं.

व्हर्डेल: आर्नी, बस इथे. तू त्याला अंधारात बसवणार. मग तो सरकला काय आणि न सरकला काय, दिसणार नाहीच. इतकी वर्षं तेच झालंय, त्याला सिनेमा कशाला हवा? तो का सरकतो हे तू त्याला विचारलंस का कधी?

आर्नी: विचारलं म्हणजे… मी त्यांना समजावलं.

व्हर्डेल: ते ऐकलं मी. होझेया, सांग त्याला. नाहीतर मी सांगेन, आणि मी मीठमसाला लावते.

होझेया: त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी जाहिरातींच्या फोटोंत उभा राहायचो, साहेब. कॉफीची जाहिरात समजा. टेबलाभोवती पाच गोरी माणसं, सहावा मी. न्यूयॉर्कच्या मासिकात सहाही जण छापायचे, म्हणजे इथल्या लोकांना बरं वाटतं. तीच जाहिरात दक्षिणेत, अलाबामात जायची तेव्हा पाचच, तिथे गोऱ्यांच्या टेबलाशी काळा चालत नाही. आता दोनदा फोटो कोण काढत बसणार? म्हणून मला उजव्या टोकाला उभं करायचे. शेजारच्याला खांदा लावायचा नाही. मध्ये चार बोटं जागा सोडायची.

आर्नी: कशाला?

होझेया: कात्रीला. फोटोग्राफर म्हणायचा, पेटवे, वाट दे. मी फार चांगली वाट द्यायचो, म्हणून तर मला बोलवायचे. दुसरे कोणी विसरायचे, शेजारच्याच्या गळ्यात हात टाकायचे, मग कापताना पंचाईत. माझं काम स्वच्छ. एकदाच चुकलो.

व्हर्डेल: शेजारच्या बाईने विनोद केला आणि हा हसला.

होझेया: हसलो, तिच्या बाजूला जरा कललो. ती जाहिरात अलाबामात आमच्या गावच्या पेपरात आली तेव्हा मी कापलेला होतो, पण कोपर राहून गेला. बाईच्या पलीकडून एक कोपर आलेला, बाकी काही नाही.

व्हर्डेल: आणि आमच्या आईने तो ओळखला. भर किराणा दुकानात. म्हणाली, हा माझ्या मुलाचा कोपर आहे. लोक हसले. तिने तो कापून घेतला आणि बायबलमध्ये ठेवला. आजही कोणी आलं की काढून दाखवते, माझा मुलगा न्यूयॉर्कला फोटोत असतो म्हणून.

आर्नी: मला… मला हे माहीत नव्हतं. हे भयंकर आहे. म्हणजे हे तर प्रत्यक्ष रूपक…

व्हर्डेल: रूपक नाही बाळा, कोपर आहे.

होझेया: तिचे डोळे चाललेत आता, साहेब. डाव्याने काहीच दिसत नाही. तिला एकदा माझा चेहरा दाखवायचाय, अख्खा. मला बाकी कशाचं काही नाही. म्हणून मला ही खुर्ची हवीये आणि म्हणूनच पाय ऐकत नाहीत. मी त्यांना सकाळपासून विनवतोय.

आर्नी: मग काय करू या? मी तुम्हाला धरून टेबलाखाली बसू?

व्हर्डेल: मला एक सांग. ते नऊ जण सिनेमात याचे कोण?

आर्नी: हाताखालचे अधिकारी. त्याच्या मर्जीवर त्यांच्या नोकऱ्या.

व्हर्डेल: मग तो सरकतो तेव्हा ते ढिम्म बसून का राहतात?

आर्नी: म्हणजे?

व्हर्डेल: आमचे बिशप बाकावर वीतभर सरकले तर त्यांच्या हाताखालच्या डिकन मंडळींची अख्खी रांग सरकते. कोणी सांगावं लागत नाही. साहेबाच्या शेजारची जागा कोण सोडतो? तुझे मामा नोकरीला कुठे होते?

आर्नी: सरकारी कचेरीत. एकतीस वर्षं.

व्हर्डेल: मग त्यांना शिकवायला नको.

होझेया: साहेब, ताई बरोबर बोलतेय. मला जाऊ द्या कुठे जायचं तिकडे. दोरी नको, फुली नको. त्या नऊ जणांना एवढंच सांगा की जो माझ्यापासून लांब राहील त्याची नोकरी गेली. आणि कॅमेऱ्याला सांगा, माझ्यामागे या.

आर्नी: चेअरमन जाईल तिथे मध्य. म्हणजे बघा… मध्यच त्याच्याबरोबर… हे तर लिहिल्यापेक्षा चांगलं आहे. पण शेवटचा डबा आहे, मिस्टर पेटवे.

होझेया: माझाही.

(दिवे लागतात. होझेया पुन्हा चाकांच्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना नऊ जण. आवाज नंतर भरायचा असल्यामुळे आर्नी आणि व्हर्डेल कॅमेऱ्यामागे उभे राहून कुजबुजताहेत.)

होझेया: बसा, सद्गृहस्थहो. आपण हा साबण विकतो. कुठलाही डाग राहत नाही, असं आपणच लिहितो.

व्हर्डेल: निघाला बघ उजवीकडे.

आर्नी: जाऊ दे. कॅमेरा, त्यांच्याबरोबर. फक्त त्यांच्याबरोबर.

व्हर्डेल: तुझे टकले मामा उठले. खुर्ची उचलून पळताहेत. आणि तो चष्मेवाला कोण, त्याने मामांना कोपराने ढकललं.

आर्नी: दाताचा डॉक्टर. मी ढकलायला सांगितलं नव्हतं.

व्हर्डेल: नोकरीचा प्रश्न आहे त्याच्या.

होझेया: मी जन्मल्यापासून याच साबणाने अंघोळ करतोय. नीट बघा माझ्याकडे. कोणाला काही म्हणायचंय?

आर्नी: नऊच्या नऊ माना एकदम हलल्या. नाही म्हणाले.

व्हर्डेल: तो भिंतीला टेकला, आर्नी. पुढे जागा नाही.

आर्नी: संपलं. आता काय करणार ते?

व्हर्डेल: गप्प बस जरा.

होझेया: कोणालाच नाही? बरं. मग तिकडे बसून विचार करू.

आर्नी: डावीकडे निघाले. हे ठरलेलं नव्हतं. मिस व्हर्डेल, ते डावीकडे चाललेत.

व्हर्डेल: दिसतंय मला. दिवे लागलेले असताना तो कधी डावीकडे गेला नव्हता.

आर्नी: सगळे उलटे फिरले. मामा पुन्हा शेवटी राहिले. मामा रडकुंडीला आलेत.

व्हर्डेल: आणि हा बघ. मुद्दाम दोन पावलं पुढे, एक मागे. खेळवतोय मेला त्यांना. लहानपणी शेजारच्या कोंबड्यांना असाच खेळवायचा. मी रडत नाहीये, दिव्याचा त्रास होतोय.

होझेया: इथे बरं आहे. इथेच बसू.

व्हर्डेल: कुठे थांबला तो?

आर्नी: फुलीवर. सकाळच्या खडूच्या फुलीवर, बरोबर मधोमध. हलत नाहीयेत. मिस व्हर्डेल, ते हलत नाहीयेत. बंद करा कॅमेरा. झालं. मिळालं.

व्हर्डेल: व्हर्ननला वर बोलवा आणि एक सँडविच द्या. बिचारा दुपारभर उभा आहे.

होझेया: जमलं का, आर्नी?

आर्नी: जमलं म्हणजे… तुम्ही मला आर्नी म्हणालात.

होझेया: म्हणालो बहुतेक. बघ ना, आज काय काय होतंय.

आर्नी: एकच राहिलं, मिस्टर पेटवे. पोस्टरचा फोटो. म्हणजे बघा, मला स्वतःला हे अजिबात पटत नाही. पण वितरक म्हणतो, दक्षिणेत तीन-चार थिएटरं मिळतील. सिनेमा लोक आत गेल्यावर बघतील, पण बाहेरच्या पोस्टरवर जर… म्हणून एकच फोटो, तुम्ही जरा उजवीकडे…

व्हर्डेल: पोरा, तू कोपराचं आत्ताच ऐकलंस ना?

आर्नी: ऐकलं. मला लाज वाटते. पण थिएटरं मिळणार आहेत.

होझेया: त्यांतलं एखादं मोंटगोमरीला आहे?

आर्नी: आहे.

होझेया: आईच्या घरापासून बस जाते तिथे. ठीक आहे. सरकतो.

व्हर्डेल: होझेया, नको.

होझेया: राहू दे ताई. आत तर मीच असेन. घे आर्नी, हा उजवीकडे आलो. चार बोटं जागासुद्धा सोडली. जुनी कला आहे, विसरत नाही.

आर्नी: थँक यू. आता कोणी हलू नका. अहो, तुम्ही का हलताय? मामा, शूटिंग संपलं. जागेवर जा.

व्हर्डेल: ते त्याच्या खांद्याला चिकटलेत.

आर्नी: मिस्टर पेटवे, आणखी थोडे पलीकडे. बास. हे काय, पुन्हा आले सगळे. डॉक्टर, तुम्ही तरी. तुम्ही शिकलेले आहात. हे मुद्दाम करताहेत का?

व्हर्डेल: तोंडं बघ त्यांची. एकही हसत नाही.

होझेया: त्यांनाही कळत नसेल, आर्नी. दिवे अजून चालू आहेत. पाय जातात आपोआप.

आर्नी: पण मग कापायचं कुठे? मध्ये कागद जाईल एवढीही फट नाही.

होझेया: असाच काढ.

आर्नी: असाच?

होझेया: असाच. आणि ताई, घरी गेल्यावर आईला फोन लाव. म्हणावं, या वेळी कोपर शोधत बसू नको.