शेवंताबाईच्या दुधाची वाटी

(बालाघाट. वैनगंगेच्या घाटावर रुख्मा आणि दुर्गा कपडे धुताहेत.)

रुख्मा : तू फक्त आयक वं! मंधात बोलू नको. वहिनीचा डबा घेऊन मी काल दवाखान्यात गेलती ना, बाळंतिणीच्या वार्डात, तं तिथं कोन दिसावं? आपली ललिता!

दुर्गा : शाळेत आपल्यासंगं होती ते? बीमार हाय का?

रुख्मा : बीमार कायची! काम करते. फुकटात! अख्ख्या वार्डाले एकच नर्सबाई, अन् लेकरं खाटेखाटेवर. ललिता रोज जाते. दुपटे उकळते, ज्या लेकराले ओढता येत नाही त्याले कापसाच्या वातीनं दूध पाजते. थेंब थेंब.

दुर्गा : अन् तिची माय जाऊ देते?

रुख्मा : माय बोंबलते, हे जाते! तू आयक ना. रामपायलीची एक बाई, बाळंतपणात ताप चढला, तिले शुद्धच नाही. पोरगं कमी दिवसाचं, एवढुसं. रडाचीबी ताकद नाही. उशाशी सासू, गोदाबाई. गाईचं दूध देल्लं तं ओकून टाके. डाक्टर म्हने, बाईचंच दूध पाह्यजे, कोनाचंबी आना, नाही तं हे वाचत नाही.

दुर्गा : फिर?

रुख्मा : बाजूच्या खाटेवर शेवंताबाई. तिचं लेकरू जन्मताच गेलं. पदर भिजून राह्यलता बिचारीचा. ललिता तिच्याजवळ बसली, हळूच इचारलं. तिनं वाटी मांगतली, भिताडाकडे तोंड केलं, अन् दूध काढून देल्लं.

दुर्गा : बापा...

रुख्मा : ललितानं वात भिजवली, तं गोदाबाई म्हने, "कोनाचं होय हे दूध?" आता शेवंताबाईच्या घरचे नागपूरले जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आलेले. अन् गोदाबाई तं त्यायच्या हातचं पानीबी नाही पेत! नर्सबाई मांगून इशारे करून राह्यली, बकरीचं म्हन, बकरीचं म्हन!

दुर्गा : तं म्हनलं ना?

रुख्मा : नाही! "शेवंताबाईचं होय." सिध्धं सांगतलं.

दुर्गा : पागल हाय का ते? पोट्ट्याचा जीव चालला अन्...

रुख्मा : मी तिथंच उभी, डबा हातात! गोदाबाईनं तिचा हातच धरला. "आमच्यात नाही चालत." ललितानं तंटा नाही केला. लेकरू उचललं, गोदाबाईच्या मांडीवर ठेवलं, वाटी तिच्या हातात देल्ली. "तुमचं लेकरू होय, आजी. पाजा तं तुमीच पाजा, फेका तं तुमीच फेका." अन् तिथंच बसून राह्यली.

दुर्गा : फेकलं?

रुख्मा : म्हातारी वाटी धरून बसली. पोरगं नुसतं ओठ हालवे. तिनं सुनंकडे पाह्यलं, शेवंताबाईच्या पाठीकडे पाह्यलं... डोये मिटले, अन् वात बुडवली.

दुर्गा : पेलं?

रुख्मा : पेलं वं! अन् आज सकाळी असं रडलं का बाहेर झाडाखाली बसलेल्या लोकायले आयकू गेलं! गोदाबाईनं वाटी आपल्या हातानं घासली, शेवंताबाईच्या खाटेजवळ गेली. वाटी तिच्यापुढं केली.

दुर्गा : हौ, पर फेकून देल्लं असतं तं? एवढंसं खोटं काहून नाही बोलता आलं तिले?

रुख्मा : म्याबी तेच इचारलं. तं म्हने, "शेवंताबाई जागी होती, रुख्मा. सारं आयकून राह्यलती. तिच्यासमोर तिच्या दुधाले बकरीचं कसं म्हनू?" ...दुर्गे, खरं सांग. तू काय म्हनलं असतं?