मुरमांवर घरचा इलाज

आमच्या घरात एका नियमाला "का?" विचारायचं नाही, बरं का: मुरूम लग्न झालं की आपोआप जातात.

परवा मी तेलकट तोंडावर टी-ट्रीचा शीट मास्क लावून बसले, तर आत्या म्हणाली, "हे ओलं फडकं कायले चिकटोलं वं? बोरी अरब गावच्या स्थळाले हो म्हण, तोंड साफ होते."

बाबांनी मान हलवली.

तेवढ्यात माहेरी आलेली ताई हळूच म्हणाली, "मलेबी एक दे न वं."

तिचे गाल मुरमांनी माझ्यापेक्षा लाल होते. याच इलाजापायी तिचं बी.एड. अर्धवट सोडवून लग्न लावलं होतं.

मी मास्क ओढून काढला. "आत्या, हिचं कॉलेज गेलं, मुरूम तसेच आहेत. मले नाही करायचं लग्न."

आत्यानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी ताईच्या गालांकडे.