कमान झालेले पूल

सीत्स्के : नाही, यूस्ट. ते तीन पूल मी लेखातून काढणार नाही.

यूस्ट : तू माझ्याकडे शिकायला आलीस तेव्हा पहिल्यांदा काय सांगितलं होतं? केसाहून बारीक पूल, दोन्ही टोकं घट्ट धरलेली. लेसरनं तापवला की प्रसरण पावतो, ताण सैल पडतो, थरथर मंदावते. अख्ख्या डेल्फ्ट विद्यापीठाला हे पाठ आहे.

सीत्स्के : या तिघांची थरथर उलट वेगवान होते.

यूस्ट : लेसर तिरका लागला असेल.

सीत्स्के : हिवाळ्यातही तुम्ही हेच म्हणालात. म्हणून शेजारच्या प्रयोगशाळेत आनेकेच्या लेसरवर करून पाहिलं. तिथेही तेच.

यूस्ट : माझं निम्मं आयुष्य त्या एका नियमावर गेलंय, बाई. आणि तुझंही बघ जरा. लेख अडला तर यंदा पदवी नाही. आइंडहोवनची नोकरी कोण थांबवून धरणार आहे?

सीत्स्के : जाऊ दे नोकरी. फ्रीसलंडला आईच्या गोठ्यात माणूस हवाच आहे.

यूस्ट : गाईंचं शेण काढशील, पण ऐकणार नाहीस.

सीत्स्के : गाई निदान समोर दिसतं ते नाकारत नाहीत. या, इथे डोळा लावा. पूल बाजूनं दिसावेत म्हणून त्यांचा तुकडा मुद्दाम कलता ठेवलाय.

(यूस्ट बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहत राहतो.)

यूस्ट : हा सरळ नाहीये.

सीत्स्के : तापवण्याआधीच कमानीसारखा वर आलाय. आता ऊब मिळाली की कमान आणखी उचलते. आणि कमान उंचावली की जास्त ताठ होते, म्हणून थरथर वेग घेते.

यूस्ट : घडवतानाच बिघडलेत हे.

सीत्स्के : बिघडले असतील. खोटे नाहीत.

यूस्ट : या लेखावर माझं नाव घालू नकोस.

सीत्स्के : बरं. माझ्या एकटीच्या नावानं पाठवते.

यूस्ट : लोक विचारतील, गुरूचं नाव कुठे गेलं?

सीत्स्के : सांगेन, यूस्टना मान्य नव्हतं.

यूस्ट : ...लेसर थोडा वाढव.

सीत्स्के : वाढवला. दिसतंय?

यूस्ट : दिसतंय. उचलतोय.

सीत्स्के : मग?

यूस्ट : तसं नको सांगूस. म्हण, त्यांना पटायला वेळ लागला.