राजाच्या घोड्याचा लगाम

(सिंगापूरच्या यिशुन भागातल्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल, २०१६. पुण्याहून आलेले आजोबा मनोहर, सून सुलेखा, अठरा वर्षांचा नातू नील.)

मनोहर : …आणि धुकं असं दाट, की सैनिक ते पळीनं बाजूला सारत होते! हे शेंगदाणे राजा चार्ल्सचे, हे फुटाणे पार्लमेंटचे. आणि हे टेबल म्हणजे इंग्लंडातलं नेझ्बीचं माळरान.

सुलेखा : बाबा, ते दाणे मी कुटासाठी भाजलेत.

मनोहर : कूटच होणार आहे त्यांचं, सूनबाई. जरा दम धर.

नील : धुकं होतं, ओके. पण पळी? कमॉन ला, आजोबा!

मनोहर : तू होतास तिथं? नाही ना? मग ऐक. हा राजाचा भाचा, रूपर्ट. घोडदळ घेऊन सुटला, समोरची फळी उधळली आणि पाठलाग करत थेट शत्रूच्या सामानाच्या गाड्यांपाशी. परत फिरायचं भानच नाही!

नील : आणि पार्लमेंटच्या क्रॉमवेलनं आपले घोडेस्वार आवरून धरले.

मनोहर : त्याचे घोडे शिंकायचेसुद्धा हुकूम आल्यावर. तो वळला आणि राजाच्या पायदळावर कोसळला.

सुलेखा : लढाई पुरे, बाबा. रविवारी तुम्ही दोघं निघताय, त्याचं बोला. कॉलेजचं सगळं ठरलंय पुण्यात.

नील : आई, मी हो म्हटलेलं नाही.

सुलेखा : मग काय, इथल्या सक्तीच्या आर्मीत दोन वर्षं बंदूक घेऊन चिखलात लोळणार? पीआर, हा कायम राहायचा परवाना, घेतला तो या फ्लॅटसाठी. तुझ्या बाबांना आर्मीतून सूट होती, आम्ही धरून चाललो की मुलालाही असेल. तू दुपट्यातून नुकता बाहेर आलेलास, कुणाच्या डोक्यात आलं होतं हे!

नील : पीआर सोडून गेलो तर परत इथं शिकायला, नोकरीला येणं कठीण. तुला माहितेय.

सुलेखा : नको येऊस. तिथं आपलं घर आहे.

नील : पुण्यात मी सुट्टीत येतो, आई. राहतो इथे. आजोबा, पुढे सांगा ना. राजाचं काय झालं?

मनोहर : पुढे काही नाही. संपली लढाई.

नील : संपली कुठे? राजाकडे राखीव तुकडी होती. तो स्वतः तिच्या पुढे निघाला होता.

मनोहर : तुला सगळं ठाऊक आहे, मग मला कशाला विचारतोस?

नील : तुम्ही सांगितलेलं आवडतं.

मनोहर : हं. निघाला होता खरा. तेवढ्यात एका सरदारानं त्याच्या घोड्याचा लगाम धरला. म्हणाला, महाराज, मरायला निघालात? आणि घोडा वळवला.

सुलेखा : राजा वाचला?

मनोहर : त्या दिवशी वाचला.

सुलेखा : मग काय चुकलं त्या माणसाचं?

मनोहर : काही नाही गं. माया होती त्याची. पण मागच्यांनी राजाचा घोडा वळलेला पाहिला आणि सगळेच वळले. पायदळ मैदानात एकटं राहिलं. हत्यारं टाकली बिचाऱ्यांनी.

सुलेखा : तुम्ही मुद्दाम काढलीत ही गोष्ट.

मनोहर : तुझी शपथ, नाही. मी आपला थापा मारत होतो. नेमकी ही जागा खरी निघाली.

सुलेखा : तुम्हाला मी इथे कशाला बोलावलं होतं, बाबा?

मनोहर : लगाम धरायला. माहितेय मला. मी धरीनही. पण ओढणार नाही. त्याच्या हातून सुटला, तरच.

सुलेखा : नील, तुला भीती नाही वाटत?

नील : वाटते. माझ्या वर्गातल्या वे जियेलाही वाटते, फैझललाही. ते भरती होणारेत जानेवारीत. मी त्यांना काय सांगू? माझं दुसरीकडे घर आहे म्हणून?

सुलेखा : भरतीच्या पहिल्या दिवशी त्या ट्रेनिंगच्या बेटावर आईवडिलांना येऊ देतात म्हणे.

नील : हो. फेरीनं. आपण सगळे तिथेच जेवतो.

सुलेखा : तारीख कळली की लगेच सांग. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात जानेवारीची रजा सहज मिळत नाही.